भांडवल आणि विद्या : वालचंद हिराचंद व डॉ. विष्णू माधव घाटगे



पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझ्या एका जुन्या स्नेह्यांचे भुसार मालाचे दुकान आहे. दुकान तीन पिढ्यांचे. मुळशी खोऱ्यातला इंद्रायणी तांदूळ, नाचणी आणि वरई घ्यायची, मीठ, गूळ, तेल विकायचे, आणि पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला उधारीवर माल द्यायचा, हा त्यांच्या आजोबांपासूनचा क्रम. घरी आणि बाजारात सारे त्यांना काकाजी म्हणतात. गेल्या चातुर्मासात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गादीवर बसलेले काकाजी नेहमीसारखे बोलते नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. त्यांची नात बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि तिने विमानविद्येचे अभियांत्रिकी शिक्षण घ्यायचे ठरविले होते. त्यातही तिचा ओढा हेलिकॉप्टरच्या यंत्ररचनेकडे.

"तुम्ही नियतकालिकात लिहिता, चार पुस्तके वाचता. तुम्हीच सांगा," काकाजी म्हणाले. "वाणिज्य शाखा घेतली असती तर सनदी लेखापाल झाली असती. दुकान तिच्या नावे केले असते. हे हेलिकॉप्टर कुठून शिरले डोक्यात? आणि त्या वाहनाचा भरवसा तो काय? आपण पाहिलेच ना दोन वर्षांत."

काकाजींचे हे बोलणे निराधार नव्हते. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईहून हैदराबादकडे निघालेले एक हेलिकॉप्टर पौडजवळच कोसळले. आतले चौघेही सुदैवाने वाचले. त्यानंतर दीड महिनाही लोटला नाही तोच, २ ऑक्टोबरच्या सकाळी, बावधनच्या डोंगराळ भागात दुसरे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही मिनिटांतच पडले. त्यात दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे मृत्युमुखी पडले. मुळशी तालुक्यातल्या माणसाच्या मनात हेलिकॉप्टर या शब्दाबरोबर आता तो धूर येतो. आणि मृतांत एक अभियंता होता, ही गोष्ट काकाजींच्या मनातून जात नव्हती.

मी लगेच काही बोललो नाही. तेवढ्यात त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे. ते म्हणाले, "आपल्या व्यापारी माणसांत, आपल्या मराठी मुलखात, असले काम कोणी केले आहे काय?"

केले आहे. आणि दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांनी मिळून केले आहे. त्यांतल्या एकाचे नाव आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. दुसऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांना माहीत आहे.

पहिले नाव शेठ वालचंद हिराचंद यांचे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. वडील हिराचंद नेमचंद दोशी म्हणजे 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू करणारे समाजधुरीण. घरात सराफी आणि व्यापाराची परंपरा होती. तरुण वालचंदांनी ती वाट सोडून बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. त्या कामात त्यांचे भागीदार होते लक्ष्मणराव फाटक. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ, कामाची खडान्‌खडा माहिती असलेले, परंतु हाती पैसा नसलेले. वालचंदांकडे पत होती, पण रेल्वेच्या कामाचा अनुभव नव्हता. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची जाण, अशी ती 'फाटक-वालचंद' भागीदारी जमली. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम त्यांच्या कंपनीने केले. मुंबईहून पुण्यास येताना आपण आजही त्या घाटातून येतो.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली, तेव्हा त्या उद्योगामागे नरोत्तम मोरारजी आदींबरोबर वालचंदही होते. जमीन झाली, समुद्र झाला. उरले आकाश. १९३९ च्या अखेरीस, दुसरे महायुद्ध पेटले असताना, परदेशप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी त्यांची गाठ पडली. पॉली यांनी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविला होता. हिंदुस्थानात असा कारखाना का असू नये, हा विचार वालचंदांच्या मनाने घेतला आणि मग सोडला नाही. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनी साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' या कंपनीची नोंदणी झाली. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार भागीदार झाले. त्याच वर्षी हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान कारखान्यात जुळवून तयार झाले.

व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहिले तर पुढची कथा फारशी सुखाची नाही. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले, युद्धाची निकड वाढली आणि १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला. वालचंदांचा हिस्सा सरकारने विकत घेतला. ज्या कारखान्याचे स्वप्न पाहिले, तो दीड वर्षातच हातून गेला. आपल्याकडचा कोणीही चोख हिशेबी माणूस या व्यवहारास तोट्याचा म्हणेल. पण वहीतला तोटा आणि देशाच्या पदरात पडलेली जमा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या जमेत डॉ. घाटगे यांचे नाव आहे.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू या गावी झाला. तेथून मुंबई विद्यापीठाची पदवी आणि तेथून थेट जर्मनीतील ग्यॉटिंगेन. त्या काळी वायुगतीचे शास्त्र शिकायचे तर जगात ग्यॉटिंगेनसारखे दुसरे स्थान नव्हते, कारण तेथे लुडविग प्रांट्ल शिकवीत. वाहत्या हवेचा अगदी पातळ थर पृष्ठभागाला चिकटून कसा संथावतो आणि त्या थरावर साऱ्या विमानाची गती कशी अवलंबून असते, हे प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडले होते. त्या सीमास्तराच्या कल्पनेवर आधुनिक विमानविद्या उभी आहे. अशा गुरूच्या मार्गदर्शनाखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

पण अशी विद्या घेऊन मायदेशी परतलेल्या माणसाने करायचे काय? तेव्हा हिंदुस्थानात विमानाचा एकही कारखाना नव्हता. शिकवावे, एवढीच वाट मोकळी होती. वालचंदांचा कारखाना उभा राहिला नसता, तर ग्यॉटिंगेनची ती विद्या फळ्यावरच्या खडूपुरती राहिली असती. कारखाना निघाला आणि त्याच्या आरंभीच्या वर्षांतच घाटगे तेथे आले. युद्धकाळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली दहा माणसे वाहून नेणाऱ्या ग्लायडरचा आराखडा तयार झाला. १९४२ च्या डिसेंबरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान-अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याची घडी बसविण्याचे काम घाटगे यांच्याकडे आले. म्हणजे एकाच माणसाने एका हाताने कारखान्यासाठी आराखडे काढले आणि दुसऱ्या हाताने ते आराखडे पुढे नेणारी माणसे तयार केली.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यापुढे प्रश्न होता. परक्या देशाचे विमान आणून जुळवायचे की आपले घडवायचे? जुळवणीत धोका कमी आणि वेळही कमी. घडवायचे म्हणजे प्रत्येक खिळ्याचा विचार आपण करायचा आणि चुकलो तर ती चूकही आपलीच. घाटगे यांच्या चमूने दुसरा मार्ग धरला. ५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळूरच्या धावपट्टीवरून 'एचटी-२' हे विमान उडाले. ते कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी चालविले. दोन आसने एकामागे एक, सारे अंग धातूचे, पंख खालच्या बाजूस, असे हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान. भारतात आखलेले आणि भारतात बांधलेले हे पहिले विमान होय. तोवर आपले वैमानिक ज्या ब्रिटिश 'टायगर मॉथ' विमानांवर शिकत, त्यांची जागा त्याने घेतली. सुमारे १७० विमाने बांधली गेली. घानाचे हवाई दल उभे राहिले तेव्हा १२ विमाने तिकडेही गेली. ज्या देशाला काही वर्षांपूर्वी विमानाचे सुटे भाग जुळविणे हीच मोठी गोष्ट वाटत होती, त्याने दुसऱ्या देशाला विमाने पाठविली.

त्यानंतर फ्लाइंग क्लबांसाठीचे 'पुष्पक' १९५८ मध्ये उडाले, पुढच्या वर्षी सैन्याच्या टेहळणीसाठीचे 'कृषक' आले आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान आकाशात गेले. वायुदलाच्या कित्येक पिढ्या 'किरण'वर शिकल्या. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. बंगळूरला त्यांच्या कारखान्याच्या सभागृहास त्यांचे नाव आहे. आपल्या घरांत मात्र ते नाव कोणी घेत नाही.

काकाजींनी येथे मला थांबविले. "हे सारे विमानांचे झाले. माझी नात हेलिकॉप्टर म्हणते आहे."

खरे आहे. घाटगे यांची कीर्ती स्थिर पंखांच्या विमानांची. परंतु हेलिकॉप्टरचे पाते म्हणजे तरी काय? तोही पंखच, फक्त गरगर फिरणारा. विमानाला उचल मिळावी म्हणून सारे विमान वेगाने पुढे जावे लागते. हेलिकॉप्टरचे पंख जागच्या जागी फिरून तीच उचल मिळवितात, म्हणून त्याला धावपट्टी लागत नाही. अडचण येते ती पुढे जाताना. एका बाजूचे पाते वाऱ्यावर चालून जाते, त्याला जास्त उचल मिळते. दुसऱ्या बाजूचे मागे फिरते, त्याला कमी मिळते. मग सारे यंत्र एका अंगाला कलंडू पाहते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी पात्यांना बिजागरी लावून त्यांना वरखाली हलू दिले आणि १९२३ मध्ये त्यांचे ऑटोजायरो जातीचे यंत्र स्थिर उडाले. दुसरी अडचण अशी, की पाती एका दिशेने फिरली की धड उलट्या दिशेने फिरू लागते. इगोर सिकोर्स्की यांनी शेपटाला छोटे उभे पाते बसवून ती सोडविली.

या सिकोर्स्कींची कथा आपल्या घरांत सांगण्याजोगी आहे. कीव्ह शहरात १८८९ मध्ये जन्मलेल्या या माणसाने विशीत दोन हेलिकॉप्टरे बांधली आणि दोन्ही फसली. रशियन राज्यक्रांतीनंतर सारे सोडून १९१९ मध्ये तो अमेरिकेत आला. १९२३ मध्ये लाँग आयलंडवरच्या एका शेतावर त्याने विमानांचा कारखाना सुरू केला. पैसे संपले तेव्हा प्रसिद्ध संगीतकार रखमानिनोव्ह यांनी ५,००० डॉलरचे भाग घेऊन तो तगविला. हेलिकॉप्टरकडे तो पुन्हा वळला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. १४ सप्टेंबर १९३९ रोजी त्याचे यंत्र दोरखंडाने जमिनीला बांधलेल्या स्थितीत प्रथम वर उचलले गेले. १३ मे १९४० रोजी ते मोकळे उडाले. फसलेल्या प्रयत्नानंतर तीस वर्षांनी. आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये, आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशाच्या जंगलात, त्याच्या हेलिकॉप्टरने शत्रूच्या मुलखात अडकलेल्या जखमी सैनिकांना उचलून आणले.

घाटगे यांचे गुरू प्रांट्ल यांचाही धागा येथे आहे. पात्याच्या टोकाशी हवा निसटते आणि तेथली उचल कमी होते. ती किती, हे काढण्याचे एक सूत्र प्रांट्ल यांनी १९१९ मध्ये दिले होते. फिरत्या पात्यांच्या गणितात, मग ती हेलिकॉप्टरची असोत वा पवनचक्कीची, ते सूत्र आजही वापरले जाते.

आणि वालचंदांच्या कारखान्याचे काय झाले? १९६२ मध्ये त्या कारखान्याने फ्रेंच कंपनीशी 'अलूएट' हेलिकॉप्टरचा करार केला. तेच आपले 'चेतक'. नंतर 'चीता' आले, जे सियाचिनच्या हिमनदीवर जवानांना रसद पोचविते आणि आजाऱ्यांना खाली आणते. पुढे आपल्याच आराखड्याचे 'ध्रुव' २० ऑगस्ट १९९२ रोजी उडाले. महापुरात घराच्या छपरावर अडकलेल्या माणसाला दोरीने वर घेणारे हेलिकॉप्टर आपण दूरदर्शनवर पाहतो. त्याच्या वंशवेलीचे मूळ सोलापूरच्या एका जैन व्यापाऱ्याच्या त्या 'तोट्याच्या' व्यवहारात आहे.

हे सारे ऐकून काकाजी गप्प राहिले. इतक्यात नात आतून आली. आमचे बोलणे तिने ऐकले असावे. तिने आजोबांना एवढेच विचारले, "आजोबा, हेलिकॉप्टरचा हिशेब कसा ठेवतात, माहीत आहे का?"

आणि मग तिने जे सांगितले, ते माझ्या साऱ्या इतिहासापेक्षा काकाजींना अधिक पटले. हेलिकॉप्टरच्या महत्त्वाच्या प्रत्येक भागाचे स्वतंत्र नोंदपत्र असते. पाते, दंतचक्राची पेटी, शेपटाचा दांडा, प्रत्येकाला क्रमांक. तो भाग कोणत्या दिवशी बसविला, किती तास उडाला, कोणी तपासला, कोणाची सही. भागाचे आयुष्य तासांत ठरलेले. तितके तास भरले की तो डोळ्यांना कितीही नवा दिसो, काढून टाकायचा. एक यंत्र सोडून दुसऱ्यावर बसविला तरी त्याचे नोंदपत्र त्याच्याबरोबर जाते. नोंद नसलेला भाग कितीही चांगला असला, तरी बसवायचा नाही.

"म्हणजे प्रत्येक भागाचे स्वतंत्र खाते," काकाजी हळूच म्हणाले.

"होय. आणि खोटी नोंद झाली तर माणसे मरतात," ती म्हणाली. "बावधनच्या बातमीनंतर मला भीती वाटली नाही असे नाही, आजोबा. पण भीती वाटली म्हणून तपासायचे कोणी सोडले, तर पुढच्या वेळी काय होईल?"

वाचकहो, या मुलीच्या वाक्यानंतर उपदेशाला जागा उरत नाही. तरीही मनात आलेले दोन शब्द लिहितो.

आपण व्यापारी घराणी वालचंदांची तसबीर लावतो. उचितच आहे. पण त्यांच्या प्रत्येक यशाजवळ एक विद्यावंत उभा होता, हे आपण सांगत नाही. रेल्वेच्या कामात फाटक होते. विमानाच्या कारखान्यात पुढे घाटगे आले. भांडवलाला विद्येची आणि विद्येला भांडवलाची गरज असते. आजवर आपण पहिली बाजू सांभाळली आणि दुसरी बाहेरून पगारावर आणली. आता आपल्याच घरातली मुले दुसऱ्या बाजूस जाऊ पाहत असतील, तर ती दुकान सोडून चालली असे समजण्याचे कारण नाही.

दुसरे असे, की प्रत्येक मोठ्या यंत्राची किंमत कोणीतरी मोजतो. मुळशीच्या धरणासाठी याच खोऱ्यातील शेतकऱ्यांनी जमिनी गमावल्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांसह ते सत्याग्रहास उभे राहिले, तो इतिहास येथल्या पाण्याखाली आहे. म्हणून यंत्रविद्येचे निव्वळ गोडवे गाणे मला मान्य नाही. यंत्र घडविणारा माणूस दक्ष आणि प्रामाणिक असावा, एवढीच अपेक्षा आपण ठेवू शकतो. पाऊल टाकताना खाली पाहून टाकावे, हा यत्नाचार लहानपणापासून ज्या घरात शिकविला जातो, त्या घरातून असा अभियंता निघाला तर त्यात नवल काय?

काकाजींनी त्या दिवशी होकार दिला नाही. "पाहू," एवढेच म्हणाले. आठवड्याने त्यांचा दूरध्वनी आला. प्रवेशाचे पैसे भरले होते. मात्र नातीला त्यांनी एक अट घातली होती. दर महिन्याच्या खर्चाचा हिशेब तिने स्वतःच्या हाताने लिहून पाठवायचा, आणि त्यात एकही नोंद मागाहून भरलेली नसावी.

तिने ती अट लगेच मान्य केली, असे सांगताना काकाजींचा स्वर मला जरा ओलसर वाटला. पहिल्या महिन्याचा हिशेब आला तेव्हा तो त्यांनी दुकानातल्या जुन्या लाल वहीत जपून ठेवला. त्यात बारा रुपयांची चूक होती. ती चूक तिनेच शेवटी खाली लिहून, सही करून कळविली होती.